पंडिता रमाबाई : विद्या आणि हातचा धंदा

परीक्षांचे निकाल लागण्याचा हंगाम आला म्हणजे आमच्या देवगाव रंगारीच्या मंडळीत एक प्रश्न दरसाल निघतो. यंदा तो एका विधवा बाईने काढला. तिची मुलगी दहावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उतरली. मुलीच्या मनात शिवणकामाचा पुरा धंदा शिकावा व त्याबरोबर पुढचे शिक्षणही चालू ठेवावे असे आहे. मुलीचे मामा म्हणतात, एवढी बुके वाचून शेवटी कात्रीच हाती धरावयाची होती तर शाळेत घातली कशाला? आणि शेजारच्या आत्याबाई म्हणतात, मशीन चालवून चार पैसे मिळणार असतील तर आता बुके हवीत कशाला? बिचारी आई उपासना संपल्यावर आमच्याकडे आली, आणि पाळकसाहेब, तुम्हीच सांगा, म्हणून उभी राहिली.

आमच्या गावाच्या नावातच रंगाऱ्याचा धंदा आहे. गावाचे नाव आपण अभिमानाने सांगतो. परंतु घरातील शिकलेल्या मुलाने हात रंगवून घ्यावेत असे कोणी म्हटले की आपली तोंडे वाकडी होतात. हा दोष केवळ कन्नड तालुक्याचा आहे असे नव्हे. आम्ही स्वतः ज्या धर्मशिक्षणशाळेत शिकलो तेथे ग्रीक क्रियापदांची रूपे आम्हांस तोंडपाठ झाली होती; पण पहिल्याच नेमणुकीच्या गावी पावसाळ्यात मंदिराचा पत्रा उडाला तेव्हा आम्हांस एक खिळा सरळ ठोकता येईना, आणि ज्या गृहस्थास आम्ही आदल्या रविवारी उपदेश केला होता त्यानेच शिडीवर चढून आमची लाज राखली. त्या दिवसापासून हा प्रश्न आम्ही मनातून काढून टाकलेला नाही. त्या बाईला आम्ही त्या वेळी जे थोडेसे सांगितले तेच येथे विस्ताराने लिहितो. ते आमच्या मनचे नाही. पंडिता रमाबाईंच्या चरित्रातले आहे.

रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा मराठी ख्रिस्ती मनुष्य विरळा. परंतु त्यांचे चरित्र आपल्यात बहुधा एकाच बाजूने सांगितले जाते. एक मोठी विद्वान ब्राह्मण बाई ख्रिस्ती झाली, एवढ्यावर पुष्कळांची कथा संपते. त्या विद्येने त्यांच्या घरच्या माणसांचे काय झाले, आणि त्यावरून त्या काय शिकल्या, ही गोष्ट मागे राहते. आम्ही तेथूनच आरंभ करतो.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागात गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. जी गोदावरी आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते तिच्याच काठी तीर्थयात्रेत असताना त्यांचा लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. तेव्हा लक्ष्मीबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. शास्त्रीबोवांनी आपल्या या लहान बायकोस संस्कृत शिकविले. त्या काळी ही मोठी धिटाईची गोष्ट होती. धर्माधिकाऱ्यांपुढे उभे राहून त्यांस आपल्या कृत्याचे समर्थन करावे लागले; आणि लोकांच्या कटकटीपासून दूर राहावे म्हणूनच त्यांनी अरण्यात आश्रम बांधला होता. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या मुलीस शिकविले. पहाटे, घरचे काम सुरू होण्यापूर्वी, आई श्लोक सांगे व मुलगी म्हणे. हजारो श्लोक रमाबाईंस लहानपणीच मुखोद्गत झाले होते.

आश्रमात विद्यार्थी व पाहुणे यांची दाटी असे. शास्त्रीबोवांचा हात सढळ होता. काही वर्षांनी पैसा सरला आणि सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, ऐकणाऱ्यांनी जे द्यावे त्यावर गुजराण करावी, उरेल ते दानधर्मात घालावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. रमाबाईंचे बालपण असे रस्त्यावर गेले.

मग 1870 नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांच्याच घरी दाणा नाही, तेथे पुराणिकास कोण देणार? आधी रोकड संपली, मग दागिने, मग भांडी, मग अंगावरची बरी वस्त्रे. वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करावा. त्या कुटुंबात विद्येची कमतरता नव्हती. आई, बाप, भाऊ श्रीनिवास, वडील बहीण आणि रमाबाई यांस शास्त्रे व पुराणे यांचा जो व्यासंग होता तो आज एखाद्या मोठ्या विद्यालयातही आढळावयाचा नाही. परंतु पोटास मिळविण्याजोगे एकही काम त्यांपैकी कोणास येत नव्हते. कोणी शिकविले नव्हते. शिवाय हलके काम करणे हे जातीस कमीपणा आणणारे, आणि साध्या भिकाऱ्याप्रमाणे दारोदार मागणे हेही लाजिरवाणे, अशी समजूत हाडीमाशी खिळलेली. काम येत नाही, मागवत नाही आणि घरात अन्न नाही.

शेवटी ते सर्वजण रानात शिरले. तेथेच मरावे असा त्यांचा निश्चय झाला होता. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढले. वृद्ध शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. मुलांचा निरोप घेण्याची वेळ आली तेव्हा श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला की आता जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करू व आईबापांस पोसू; बाबांस चालवत नाही तर त्यांस पाठीवर घेऊन डोंगर उतरू. एवढी अक्कल त्या विद्वान घरात यावयास अकरा दिवसांचा उपास पडावा लागला. आम्ही हे हिणवून लिहीत नाही. आमच्याही घरात ती अशीच उशिरा येते.

परंतु वेळ निघून गेली होती. शास्त्रीबोवा फार दिवस जगले नाहीत. राहिलेली माणसे निजामाच्या राज्यातील रायचूर येथे आली. आपले देवगावही त्या काळी त्याच राज्यात होते, तेव्हा ही गोष्ट आपल्याच मुलखातली म्हणावयास हरकत नाही. तेथे आई अत्यवस्थ झाली. तिला दोन घास मिळावेत म्हणून रमाबाई एका घरी मागावयास गेल्या, पण दाराशी उभ्या राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने दया येऊन भाकरी दिली. आई त्यानंतर लवकरच वारली. प्रेतास खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात. रमाबाईंनी स्वतः चौथा भार उचलला, आणि उंचीने लहान असल्यामुळे तो त्यांस खांद्यावर न घेता डोक्यावर घ्यावा लागला. पुढे बहीणही गेली. उरले भाऊ आणि बहीण.

हे दोघे हजारो मैल पायी हिंडले व 1878 साली कलकत्त्यास पोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सभांतून त्यांची वाहवा झाली. ज्या विद्येने घरात अन्नाचा एक दाणा आणला नव्हता तिचा आता मोठा सन्मान झाला. रमाबाईंनी सन्मान नाकारला नाही. पण रायचूर त्या विसरल्या नाहीत, हे पुढच्या सर्व आयुष्यावरून दिसते.

यानंतरची काही वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो. 1880 साली भाऊ वारला. त्याच साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी रमाबाईंचा विवाह झाला. 1881 साली मनोरमा ही कन्या झाली आणि 1882 च्या आरंभी पती पटकीने वारले. तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई तान्ह्या मुलीसह पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींच्या शाळांस स्त्री शिक्षिका व स्त्री तपासनीस हव्यात, आणि स्त्रियांस वैद्यकीचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांचे मागणे होते. याच कमिशनाकडे जोतिराव फुले यांनीही लेखी निवेदन पाठविले होते, आणि खेड्यातील प्राथमिक शाळेत लिहिणे, वाचणे व हिशेब यांच्या जोडीस शेतकीचे प्राथमिक ज्ञान द्यावे असे त्यात सुचविले होते. एकाच वर्षी, एकाच कमिशनापुढे, एका ब्राह्मण विधवेने व एका माळी समाजातील सुधारकाने शिक्षण हे जगण्याच्या कामास यावे असे मागितले.

1883 साली रमाबाई विलायतेस गेल्या. वैद्यकी शिकावी असा हेतू होता. परंतु कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनीसंघात त्या राहिल्या, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्या संघाच्या भगिनी पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांस आश्रय देऊन काम शिकवितात, हे त्यांनी लंडनात पाहिले, व त्या दृश्याचा त्यांच्या मनावर फार परिणाम झाला. नंतर चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्या शिकल्या व शिकवूही लागल्या.

1886 साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास हजर राहण्यासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. जाताना थोडे दिवस राहण्याचा विचार होता. राहिल्या मात्र पावणेतीन वर्षे. कारण तेथे त्यांस आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागले होते. जर्मनीतील फ्रेबेल नावाच्या गुरूने काढलेली बालोद्यानाची पद्धत त्या वेळी अमेरिकेत पसरत होती. या पद्धतीत लहान मूल अक्षरापूर्वी वस्तू हाती घेते. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम यांतून त्यास आकार, संख्या व व्यवस्था समजते. हात शिकतो आणि त्याच्या मागून बुद्धी शिकते. रमाबाईंनी ही पद्धत रीतसर शिकून घेतली. ज्या बाईचे सर्व शिक्षण कानाने ऐकून तोंडाने म्हणण्यात गेले होते, तिला लहान मुलांच्या ठोकळ्यांपुढे विद्यार्थिनी होऊन बसताना काय वाटले असेल, याची कल्पना आम्ही पुष्कळदा करतो. अमेरिकेतील स्त्रिया नाना प्रकारचे उद्योग करून स्वतःच्या पायावर उभ्या राहतात, हेही त्यांनी पाहिले आणि परत आल्यावर त्या देशावर मराठीत एक मोठे पुस्तक लिहिले. 1887 साली बोस्टन येथे त्यांच्या कार्यास दहा वर्षे साह्य करण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. उच्च जातीच्या विधवांस शिकवून त्यांस स्वतःचे पोट भरण्यास समर्थ करावे हा त्याचा उद्देश. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. येथे शिकलेल्या गोदूबाई या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या, हे सर्वांस माहीत आहे. काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत असा ओरडा 1893 च्या सुमारास होऊन पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की मुली काढून नेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्या विधवांसाठी दुसरी शाळा काढली नाही.

दहा वर्षांची मदत संपल्यावर काय, हा प्रश्न रमाबाईंस आधीपासूनच पडला होता. म्हणून पुण्याच्या पूर्वेस, दौंडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी सुमारे 100 एकर जमीन घेतली व फळझाडे लावली, की त्यांच्या उत्पन्नावर सदन चालावे. पंडिता शेतकरीण झाली. जमीन अशी तशीच होती. विहिरी खणाव्या लागल्या. झाडे मोठी होण्यापूर्वीच 1896-97 चा दुष्काळ आला.

मध्यप्रांतातून बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. उपाशी मुलींचे थवे पाहून त्यांस आपला बाप, आपली आई व ते रान आठवले असणार. त्यांनी मुली गोळा करून आणल्या. सुमारे तीनशे मुलींचा भार त्यांनी घेतला. पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे तेथे इतकी गर्दी ठेवता येईना. मग केडगावच्या शेतावर तात्पुरती छपरे उभारून त्यांस नेले, आणि त्यातूनच मुक्ती सदन निर्माण झाले. 1899-1900 साली गुजरात व इतर भागांत पुन्हा दुष्काळ पडला व पुन्हा मुली आल्या. 1900 सालापर्यंत तेथे दीड हजारांवर माणसे व शंभरावर गुरे झाली होती.

आता आपला मुख्य मुद्दा येथे आहे. या मुली शारदा सदनातल्या मुलींसारख्या नव्हत्या. त्या शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, नाना जातींच्या होत्या. कित्येकींनी पाटी कधी पाहिली नव्हती. त्यांस काय शिकवावे? त्या काळी पुष्कळ भले लोकसुद्धा असे म्हणत की अशांना काम शिकवावे म्हणजे झाले. अक्षरांचा उपयोग काय? उलट शहरातील सुशिक्षितांचे मत असे की शाळा म्हणजे पुस्तके, काम म्हणजे नोकरमाणसांची गोष्ट. आमच्या देवगावातील आत्याबाई व मामा हे दोघेही सव्वाशे वर्षांपूर्वी हजर होते, असेच म्हणावयाचे. रमाबाईंनी या दोघांचेही ऐकले नाही. उपासमारीने खंगलेल्या मुलींस प्रथम अन्न, वस्त्र व विश्रांती दिली. मग अंगात बळ येताच प्रत्येकीच्या हाती पाटी दिली आणि प्रत्येकीस एक काम नेमून दिले.

कामे तरी किती! शेत व फळबाग, तेलाचा घाणा, गाईम्हशींचे दूध, परीटकाम, भट्टीवर पाव भाजणे, साधे शिवण व बारीक कशिदा, हातमागावर कापड विणणे. ज्या मुली बुद्धीने पुढे गेल्या त्या शिक्षिका झाल्या व बालोद्यानाच्या पद्धतीने लहान मुलींस शिकवू लागल्या. म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन अशी वेगवेगळी सदने उभी राहिली. आंधळ्यांच्या बार्तिमी सदनात मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली. ज्या आंधळ्या मुलीच्या नशिबी रस्त्याच्या कडेस हात पसरणे एवढेच होते, ती बोटांनी वाचू लागली आणि त्याच बोटांनी टोपल्याही विणू लागली. वाचणारे बोट आणि विणणारे बोट एकच, हे त्या सदनात कोणास समजावून सांगावे लागत नव्हते.

आम्ही हातमागाजवळ पुष्कळ वेळा बसलो आहो. ताण्याचे धागे मोजणे, त्यांचा हिशेब ठेवणे, किती सुतास किती कापड निघेल हे काढणे, यात चुकले तर सबंध पट्टा बिघडतो. हे सर्व अंकगणित आहे. ज्या मुलीस सकाळी पाटीवर भागाकार कळला नाही तिला तो दुपारी मागावर कळतो. आणि जिला हिशेब येत नाही तिला सूत देणारा व्यापारी फसवितो. आपल्या भागात कपाशी पिकते, तेव्हा वजनकाट्यापुढे अडाणी मनुष्याचे काय होते हे आमच्या वाचकांस आम्ही सांगणे नलगे. अक्षरावाचून धंदा करणारा सदा दुसऱ्याच्या हातात असतो. धंद्यावाचून अक्षर शिकलेल्याचे काय होते ते अनंतशास्त्र्यांच्या कुटुंबात आपण पाहिलेच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शेत, बाग, माग व घाणा यांच्या उत्पन्नावर मुक्ती सदन कधीच सर्वस्वी चालले नाही. दीड हजार तोंडे भरावयाची तर ते शक्यही नव्हते. देशोदेशींच्या लोकांच्या देणग्या येत, आणि रमाबाई प्रार्थना करून त्यांची वाट पाहत. कोणी म्हणेल, मग या सर्व उद्योगांचा काय लाभ? आमचे मत असे की तो कारखाना नव्हता, शाळा होती, आणि शाळेची परीक्षा तिच्या जमाखर्चाच्या वहीवरून करू नये. कोठारात किती तेल जमले यापेक्षा घाण्याजवळ उभी असलेली मुलगी पुढे कोणाच्या दारी मागावयास जाणार नाही, हे रमाबाईंस पाहिजे होते. दीड हजारांतील प्रत्येकीस सर्व काही चांगले आले असेल असे मात्र आम्ही म्हणत नाही. इतक्या गर्दीत ते कोणासच साधत नाही. आम्हांस रविवारच्या शाळेतली तीस मुले आवरत नाहीत.

याच काळात इतर ठिकाणीही असे यत्न चालले होते. आपल्या शेजारी अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनाने मुलांसाठी औद्योगिक शाळा चालविली. पुढे 1919 साली भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापून स्वतः काम करून शिकणारे विद्यार्थी तयार केले, आणि 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची योजना मांडली. त्यांची हकीकत पुन्हा केव्हा तरी लिहू. रमाबाईंचे वैशिष्ट्य असे की त्यांनी हे काम मुलींसाठी केले, आणि ज्या मुलींची कोणासच गरज नव्हती अशांसाठी केले.

आता छापखान्याविषयी लिहितो, कारण आमच्या मते मुक्ती सदनाचे सर्व काम तेथे एका जागी दिसते. रमाबाईंनी केडगावास छापखाना घातला आणि तो मुलींकडून चालविला. खिळे जुळविणे, मुद्रिते काढणे, यंत्रावर कागद घालणे, फर्मे मोडून शिवणे, पुठ्ठा बांधणे ही सर्व कामे त्यांनी शिकून घेतली. ज्यांनी जुना खिळ्यांचा छापखाना पाहिला असेल त्यांस हे काम किती कठीण ते ठाऊक आहे. इंग्रजी छपाईस थोड्या खणांची पेटी पुरते. आपल्या बाळबोधीस काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे व जोडाक्षरे यांचे निरनिराळे खिळे लागतात, आणि त्यांच्या खणांचा मोठा पसारा पुढे मांडलेला असतो. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. जुळवणारणीने ते उलटेच वाचावयाचे, आणि बोटांनी न पाहता नेमक्या खणात जावयाचे. जिला वाचता येत नाही तिला हे काम येणारच नाही. जी नुसती वाचणारी आहे आणि जिच्या बोटांस खण ठाऊक नाही, तिची एक ओळ जुळेपर्यंत दिवस मावळेल.

रमाबाईंच्या मनात एक मोठे काम होते. पवित्र शास्त्राचे त्या वेळचे मराठी भाषांतर खेड्यातल्या साध्या बायांस कठीण जाते, संस्कृत शब्दांनी भरलेले आहे, असे त्यांस वाटे. हे कोणी म्हणावे? ज्यांस संस्कृत येत नाही त्यांनी नव्हे. ज्यांची जीभ त्या भाषेत वाढली त्या पंडितेने हे म्हटले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या इब्री व ग्रीक या मूळ भाषा शिकल्या, मराठीत इब्री भाषेचे व्याकरणही लिहिले, आणि मूळ ग्रंथावरून सबंध बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. या कामास त्यांची सुमारे अठरा वर्षे लागली. त्यांनी लिहावे, मुलींनी खिळे जुळवावेत, मुद्रिते पुन्हा त्यांच्याकडे यावीत, त्यांनी तपासावीत, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

हे भाषांतर आपल्या मंडळ्यांतून फारसे रूढ झाले नाही, हे खरे आहे. उपासनेत आपण दुसरेच वाचतो. त्यातील काही शब्दयोजना आम्हांसही ओबडधोबड वाटते. पण ज्यांच्यासाठी ते केले त्याच वर्गातील बायांनी ते जुळविले, छापले आणि बांधले, अशी दुसरी प्रत आम्हांस ठाऊक नाही.

1919 साली सरकारने रमाबाईंस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. परंतु शेवटची वर्षे दुःखाची गेली. ज्या कन्येवर पुढचा सर्व भार सोपवावयाचा होता ती मनोरमा 24 जुलै 1921 रोजी वारली. निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे या मायलेकींनी मुलींसाठी जी शाळा चालविली होती तिचाही भार मनोरमाबाईंनीच वाहिला होता. आईने दुःख गिळून पुन्हा मुद्रिते हाती घेतली. शरीर थकले होते, कान जवळजवळ गेले होते, तरी बायबलाचे काम त्यांनी तडीस नेले. आणि ते हातावेगळे होते न होते तोच 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला.

छपाई अद्याप व्हावयाची होती. पंडिता गेल्या, आता हे कोण पुरे करणार, असे बाहेरच्या कित्येकांस वाटले असेल. छापखान्यातील बायांनी आपले काम चालू ठेवले. त्यांत दुष्काळातून आणलेल्या होत्या. ज्यांस पहिल्या दिवशी पाटी धरण्याचेही बळ नव्हते अशा होत्या. खणातून खिळे उचलून, ओळीमागून ओळ जुळवून, फर्म्यामागून फर्मा शिवून त्यांनी तो ग्रंथ पुरा केला, आणि 1924 साली सबंध बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.